सिद्धू-घर नावाची किल्ली

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच घरात घडलेली आहे.

तारीख आणि वेळही मी आठवून सांगत नाहीये. ती मशीनने लिहून ठेवलीय. मी खोटं बोलू शकते. सर्व्हरची नोंद बोलत नाही.

गेल्या वर्षीची चौदा मे. बुधवार. दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं.

जागा, जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट. दुसरा मजला. आतली खोली.

रात्र नव्हती. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

आणि त्या वेळी त्या खोलीत कुणीही नव्हतं…

निदान मला तरी तसंच वाटत होतं.

मी शिवानी. मूळची बार्शीची. पुण्यात सहा वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. लग्नाला उशीर होत गेला आणि मग गुरुशांत यांचं स्थळ आलं. बिजवर. पहिली बायको डेंग्यूने गेलेली. मूलबाळ नाही. सोलापुरात स्वतःचं छोटं सॉफ्टवेअरचं काम. मी विचार करून हो म्हटलं. गेलेल्या बाईशी कसली आलीय स्पर्धा, असं वाटलं होतं.

चुकलं माझं.

तिचं नाव सिद्धेश्वरी. सगळे सिद्धू म्हणायचे. अजूनही म्हणतात.

घरात तिचा फोटो नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून सासूबाईंनी, सावित्रम्मांनी, माझ्या येण्याआधीच काढून टाकला होता. साड्या वाटल्या होत्या. भांड्यांवरची नावंसुद्धा घासून घेतली होती. एवढं करूनही ती घरातून गेली नव्हती.

ती ॲपमध्ये होती.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांआड, कधी पाच. कधी पहाटे, कधी भर दुपारी. सिद्धूने त्यासाठी एक ॲप केलं होतं. 'पाणी आलं' हेच त्याचं नाव. वॉल्व्ह सोडणारा माणूस फोनवर एक बटण दाबतो आणि त्या भागातल्या सगळ्या घरांना निरोप जातो. बस, एवढंच. पण एवढ्यासाठी किती बायका तिला दुवा देत होत्या! आमचं घरही त्यावरच चालतं.

आमच्या भागाचा वॉल्व्ह अल्लाउद्दीन चाचा सोडतात. पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले, "सिद्धू बेटीनं हे करून दिलं तवापासनं माझ्या शिव्या खायच्या बंद झाल्या बघा. लई हुशार पोरगी."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी बी शिका की थोडंफार."

मी सहा वर्षं पुण्यात तेच काम केलं होतं. नुसती हसले.

सासूबाईंचंही तसंच. मुद्दाम नाही बोलायच्या. तोंडातून निघून जायचं. "सिद्धू दुपारची जेवली की बसायची बघ त्या खोलीत. टकटक, टकटक. चार वाजेपातूर उठायची न्हाय."

आता मी त्याच खोलीत बसत होते. त्याच खुर्चीत.

ॲपचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. कोडमध्ये एक सोय असते. प्रत्येक ओळीपुढे ती ओळ कुणी लिहिली त्याचं नाव दिसतं. एक दिवस मी ती सोय उघडली.

सिद्धेश्वरी.

सिद्धेश्वरी.

सिद्धेश्वरी.

खाली जात राहिले. नऊ हजारांवर ओळी. मधेच कुठेतरी माझ्या सहाशे बारा ओळी. मी मोजल्या होत्या. हो, मोजल्या होत्या.

भांड्यावरचं नाव घासता येतं. हे कसं घासायचं?

मेलेल्या बाईचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगायचं? आईला सांगितलं असतं तर तीही हसली असती.

आता थोडं किल्लीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा कोड एका भाड्याच्या सर्व्हरवर असतो. त्या जागेला आम्ही रेपो म्हणतो. तिथे शिरायला नुसता पासवर्ड चालत नाही. किल्ली लागते. किल्लीचे दोन भाग असतात. एक सर्व्हरवर, कुलपासारखा. दुसरा फक्त तुमच्या लॅपटॉपमध्ये. तो कुणाला द्यायचा नसतो, नवऱ्यालाही नाही. शिवाय त्या किल्लीला स्वतःचा एक परवलीचा शब्द असतो. तो माणसाबरोबर जातो.

सर्व्हरवर किल्ल्यांची यादी होती. एक गुरुशांत यांची. एक माझी. आणि तिसरी…

'सिद्धू-घर'.

चार वर्षांपूर्वी गेलेल्या बाईची किल्ली अजून चालू होती.

मी जेवताना विषय काढला. "अहो, सिद्धूची किल्ली काढायची राहिलीय. माणूस गेलं की त्याच दिवशी काढायची असते. कुठल्याही कंपनीत हाच नियम आहे."

त्यांनी मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "राहू दे शिवानी. तेवढी एकच राहिलीय तिची."



एप्रिलच्या शेवटी एका दुपारी मी ते केलं.

कोडचा जुना इतिहास नव्याने लिहायची एक आज्ञा असते. चुकीचं नाव पडलं तर दुरुस्त करायला. मी ती चालवली. जिथे जिथे सिद्धेश्वरी, तिथे तिथे शिवानी. चाळीस सेकंद लागले. नऊ हजार ओळी माझ्या झाल्या.

खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. उठून माठातलं गार पाणी प्याले. परत येऊन पुन्हा बघितलं. शिवानी. शिवानी. शिवानी.

सगळं नीट वर गेलं का ते बघायला सर्व्हरची नोंद उघडली. माझी नोंद होती. दुपारी दोन चाळीस.

तिच्याखाली आणखी एक होती…

दोन चव्वेचाळीस. किल्ली: सिद्धू-घर. कोड वाचला.

चार मिनिटांनी.

नोंदीत इंटरनेटचा पत्ताही असतो. कुठून आलं ते कळतं. तो पत्ता मी ओळखला.

आमच्याच घरचा होता.

तेव्हा मला भीती नाही वाटली. राग आला. कारण माझ्या मनात भूत आलं नाही, नवरा आला. मला वाटलं, त्यांनी तिचा लॅपटॉप घरात कुठेतरी चालू ठेवलाय. ऑफिसात बसून इंटरनेटवरून तो चालवतात. तिच्या किल्लीने तिचा कोड उघडून बघत बसतात. माझ्यापासून लपवून.

मी सगळं घर शोधलं. माळा, पलंगाखालचा कप्पा, पिठाच्या डब्यांमागे. काही नाही.

संध्याकाळी विचारलं, "सिद्धूचा लॅपटॉप कुठे असतो?"

"मैंदर्गीला. तिच्या आईकडं. का?"

"सहज."

माझा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती किल्ली काढून टाकली. यादीत दोन किल्ल्या राहिल्या. स्वयंपाक केला, जेवले, दुपारी येऊन बसले.

यादीत तीन होत्या…

पुन्हा काढली. पुन्हा आली. तीनदा झालं असं. किल्ली कुणी घातली, त्या रकान्यात गुरुशांत यांचं नाव असायला हवं होतं. नव्हतं. माझंही नव्हतं. रकाना रिकामा होता.

आणि मी कोडमध्ये काहीही लिहिलं की चार मिनिटांनी कुणीतरी येऊन वाचून जायचं. एक ओळ लिहिली तरी. शाळेत मागच्या बाकावरून वहीत डोकावणारी मुलगी असते ना, तसं मानेला जाणवायचं.

मग आवाज सुरू झाला.

पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटते. फस्स… तो आवाज आमच्याकडे लहान पोरसुद्धा ओळखतं. तो यायचा. पाण्याचा दिवस नसताना. मी धावत मोरीत जायचे. नळ कोरडा. तोटीला हात लावला तर उन्हाने तापलेली.

परत खोलीत यावं, तर नोंदीत सिद्धू-घर.

मी फोनवर एक इशारा लावून घेतला. ती किल्ली वापरली गेली की लगेच निरोप येईल असा. आणि चौदा मेला सासूबाईंना अक्कलकोटला दर्शनाला जाते असं सांगून निघाले. माझा लॅपटॉप पिशवीत घेतला.

अक्कलकोटला उतरले, पण देवळात गेले नाही. तिथून मैंदर्गीची गाडी धरली.

सिद्धूच्या आई पार्वतम्मा. घर विचारत विचारत गेले. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मी शिवानी. सोलापूरहून. गुरुशांत यांची…"

"वळखलं की. ये आत. किती उन्हाचं आलीस गं."

मला वाटलं होतं रडतील, नाहीतर टोमणे मारतील. त्यांनी ताक दिलं. माझा हात हातात घेऊन बघितला. "बारीक हाय हात. तिच्या बांगड्या तुला सैल झाल्या असत्या."

काही वाईट मनात नव्हतं त्यांच्या. तरी मला लागलं.

आत देवळीत तिचा फोटो होता. मी तिचा चेहरा पहिल्यांदाच बघत होते. साधा होता. मी तिच्याहून उजळ आहे, हे त्या क्षणीही माझ्या मनात येऊन गेलं. लाज वाटते सांगायला.

फोटोशेजारीच लॅपटॉप होता.

"बघू का मावशी?"

"बघ की. पन बंद हाय त्यो. ती गेल्यापासनं कुनी हात लावला न्हाय."

मी मांडीवर घेतला. आतली बॅटरी फुगून बटणांची पट्टी वर आली होती. चार्जर लावायच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. मी केसातल्या पिनेने माती कोरून काढली. माझा चार्जर लावून बघितला.

दिवासुद्धा लागला नाही.

म्हणजे गुरुशांत खरं बोलत होते. मला हलकं वाटायला हवं होतं.

पार्वतम्मा माझ्याशेजारी येऊन बसल्या. "शाणी होती लई. पन हट्टी. तिचं म्हनून जे काय असंल, त्याला दुसऱ्याचा हात लागलेला खपायचा न्हाय. भैनीशी सुद्धा आठ आठ दिस बोलायची न्हाय."

मी काही बोलणार, तेवढ्यात माझा फोन थरथरला…

तीन बारा. किल्ली: सिद्धू-घर. पत्ता: आमचं घर.

आणि या वेळी 'वाचला' नव्हतं.

'लिहिला' होतं.

ती किल्ली ज्या लॅपटॉपमध्ये होती तो माझ्या मांडीवर होता. मेलेला.

मी आधी गुरुशांत यांना फोन लावला. ते होटगी रोडला एका सोसायटीच्या मीटिंगमध्ये होते. मागे चार माणसं पाण्यावरून भांडत होती. मी काही न बोलता ठेवून दिला.

मग घरी लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, घरात कोण आहे?"

"कोन असनार? मी हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "आनि तू हाईस की."

"मी?"

"तुझ्या खोलीतनं टकटक यायलंय कवापासनं. म्हटलं, दर्शन लवकर झालं जनू. दार लावून बसलीस म्हनून हाक न्हाय मारली."

मी मांडीवरचा लॅपटॉप खाली ठेवला.

 पलीकडे सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"मग आता तू कुटनं बोलायलीस गं?"

तेवढ्यात फोनमधून मलाही ऐकू आलं…

टकटक. टकटकटक. टक.

मी घाबरून स्पीकर दाबला की आपोआप दाबला गेला, माहीत नाही. आवाज त्या घरभर झाला. पार्वतम्मांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी मान कलती करून ऐकलं.

आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

कानडीत काहीतरी म्हणाल्या त्या. हळूच. मला नव्हे. फोनला.

टकटक थांबली.

"आई," मी ओरडले, "आहात तशा बाहेर पडा. शेजारी जाऊन बसा."

सोलापूरला पोहोचायला साडेसहा झाले. वाटेतलं वळसंग कधी गेलं तेही कळलं नाही. सासूबाई शेजारी गेल्या नव्हत्या. जिन्याच्या पायरीवर बसून होत्या, पदर तोंडाला लावून.

"दार उघडलं का कुणी?"

"न्हाय. बाहेर कोनच आलं न्हाय."

मी आत गेले. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं.

टेबल. खुर्ची. बंद पंखा.

मग माझ्या लक्षात आलं. माझा लॅपटॉप दिवसभर माझ्या पिशवीत होता. त्या खोलीत टाइप करायला काही नव्हतंच.

मी तिथेच जमिनीवर बसून रेपो उघडला. तीन बाराला कुणीतरी सगळा इतिहास पुन्हा लिहिला होता. असं काही बदललं की का बदललं ते एका ओळीत लिहायची पद्धत असते. तिथे एकच शब्द होता.

'दुरुस्ती.'

ओळींपुढची नावं बघितली. सिद्धेश्वरी. सिद्धेश्वरी. ते अपेक्षितच होतं. मी खाली गेले. माझ्या सहाशे बारा ओळींपर्यंत. त्या खरोखर माझ्या होत्या. दोन वर्षं बसून लिहिल्या होत्या मी.

सिद्धेश्वरी.

माझं नाव एकाही ओळीवर नव्हतं. जणू मी त्या घरात कधी आलेच नव्हते.

गुरुशांत आल्यावर मी सगळं सांगितलं. मी काय केलं तेही. वाटलं, चिडतील. एखादा शब्द तरी बोलतील. सासूबाई देवापुढे दिवा लावून बसल्या होत्या, त्यांनी दोनदा सांगितलं, "अरे, खोलीत कोनतरी हुतं. मी माझ्या कानानं ऐकलं." ते ऐकत नव्हते. नोंद बघत होते. बोटाने एकेक वेळ खाली सरकवत.

"सगळ्या दुपारच्याच आहेत," ते म्हणाले.

"हो."

"तीनच्या आसपास."

"हो. अहो, मला भीती वाटतेय."

त्यांनी मान हलवली. पण मी काय म्हटलं ते त्यांना ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

माझ्याकडे जुनी प्रत होती. दुसऱ्या दिवशी मी ती परत चढवली. सिद्धूच्या ओळी सिद्धूच्या नावावर. माझ्या माझ्या. त्यानंतर कुणी त्यांना हात लावला नाही. नळाचा आवाजही गेला. ती किल्ली मी पुन्हा काढली नाही. नोंदीत ती अजून दिसते, पण आता काही वाचत नाही, काही लिहीत नाही. नुसती येते. दुपारी येते आणि चारला जाते.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

गुरुशांत पूर्वी डबा न्यायचे. जूनपासून जेवायला घरी येतात. जेवून त्या खोलीत जातात. जरा पडतो म्हणतात. दार लावून घेतात. आत पलंग नाही, तेव्हा सासूबाईंनी चटई देऊ केली. नको म्हणाले. लॅपटॉपही नेत नाहीत.

मी दाराबाहेर उभी राहते. रोज नाही. पण राहते.

आतून त्यांचा आवाज येतो. कानडीत. माझ्याशी कधी बोलले नाहीत इतक्या हळू आवाजात. मधेमधे थांबतात. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढंच. मग हसतात.

दुसरा आवाज मला कधीच आलेला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं कधी कधी. घाबरून बार्शीला तरी निघून गेले असते. आता जाऊन कुणाला काय सांगू? माझा नवरा एका रिकाम्या खोलीत दुपारी तासभर सुखात असतो, एवढंच ना?

मी कानडी शिकायला घेतलंय. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे. घरात कुणाला सांगितलेलं नाही. सात महिने झाले. एखादा शब्द कळायचा, बाकी निसटायचं.

काल पहिल्यांदा एक अख्खं वाक्य कळलं.

मी अनवाणी होते. श्वाससुद्धा रोखून धरला होता. दार बंद होतं.

"माहीत आहे मला," ते तिला सांगत होते. "दाराबाहेरच उभी आहे ती."